अर्धं वाक्य पुढे

एका आजारी बाईचं तिच्या कानातल्या आवाजाशी चाललेलं भांडण मी नाटकातला संवाद समजले आणि ते संपल्यावर टाळ्या वाजवल्या. माझ्या मूर्खपणांना इथल्या, इंग्लंडातल्या रीतीप्रमाणे रांगेत उभं केलं, तर ती रांग आमच्या जीपी डॉक्टरांच्या दारापासून बेलग्रेव्ह रोडच्या टोकापर्यंत जाईल. पण सगळ्यात पुढे उभा राहील तो हाच.

लेस्टरच्या ज्या कम्युनिटी हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या तालमी चालत, त्याच्या मागच्या स्वयंपाकघरातली गोष्ट. मी बिस्किटांचा डबा घ्यायला गेले होते. चहाच्या पाण्याच्या स्टीलच्या बंबासमोर आमच्या नाटकांच्या प्रॉम्प्टरताई पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि हलक्या आवाजात बोलत होत्या. "'तुझ्या हातचं कोण खाणार' म्हणे. मी खाईन. भात माझा आहे, मीठही माझं. तुला कोणी बोलावलं होतं जेवायला?" मग जरा थांबल्या, समोरच्याचं वाक्य पुरतं ऐकून घ्यावं तशा. "हं. हस. हस तू."

मी दारात खिळून उभी. काय तो पॉज! काय तो दबलेला राग! डबा काखेत धरून मी टाळ्या वाजवल्या. ताई वळल्या. न्हाणीघराचं दार कोणीतरी अचानक उघडावं तसा त्यांचा चेहरा झाला. नळ वाहत नव्हता, तरी त्यांनी तो हातानं घट्ट केला.

"ताई, कुठल्या नाटकातलं हो हे?"

"जुनं आहे," त्या म्हणाल्या. "छापलेलं नाही."

"मग लिहून द्या ना! आपण बसवू!"

"फार मोठं आहे गं," ताई बंबाकडे बघत म्हणाल्या. "आणि संपत नाही."

आता वाचणाऱ्याला सगळं लख्ख दिसतं आहे. मला दिसलं नाही. तेव्हा मी चाळिशीच्या अलीकडची होते, लेस्टर आणि नॉटिंगहॅम यांच्या दरम्यान साहित्याची जाण असलेली मी एकटीच आहे असा माझा पक्का समज होता आणि त्या समजाला शोभेल असं मोठं कुंकू मी लावत असे. फेब्रुवारीच्या थंडीतही सुती साडी नेसायची आणि वरून कोट घालायचा नाही, कारण कोटात साडी दिसत नाही. अशी बाई दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य ऐकते तेव्हा ते कुठून आलं यापेक्षा ते कुठे वापरता येईल, एवढंच तिच्या डोक्यात येतं.

प्रॉम्प्टरताई साताऱ्याच्या. लग्न होऊन लेस्टरला आल्या, मोजे-बनियनच्या कारखान्यात माल तपासायच्या कामावर लागल्या आणि कारखाना बंद पडेपर्यंत तिथेच राहिल्या. यजमान लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. एका रांगेतल्या घरांपैकी मधल्या घरात त्या एकट्या राहत. ठेंगणी मूर्ती, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला निळा कोट आणि पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या. तोंड सारखं कोरडं पडतं म्हणत. ते औषधांमुळे पडत होतं हे मला फार उशिरा कळलं. तोवर त्यांना गोड खायची सवय आहे, असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते.

मंडळात त्यांचं काम एकच, प्रॉम्प्टिंगचं. हॉलच्या केअरटेकरनं फेकायला काढलेली प्राथमिक शाळेतली बुटकी खुर्ची त्यांनी मागून घेतली होती. ती डाव्या विंगेत ठेवायची, छोट्या टॉर्चला टॉफीचा लाल कागद गुंडाळायचा आणि नाटकाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायचं. बाकीचे प्रॉम्प्टर नट अडखळेपर्यंत इकडेतिकडे बघतात आणि मग घाबरून पानं चाळतात. ताईंचं तसं नव्हतं. नट जे बोलत असेल त्याच्या अर्धं वाक्य पुढे त्यांचे ओठ असत. कोणी विसरो न विसरो, पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत ते ओठ थांबत नसत. त्यामुळे अडलेल्या नटाला शब्द शोधून द्यावा लागत नसे, ताई तिथे आधीच पोचलेल्या असत. आमच्याकडे राजाचं काम नेहमी करणारे एक डेंटिस्ट होते. ते म्हणत, "ताईंचा आवाज ऐकू येतच नाही. मला वाटतं, मलाच आठवलं."

मी एकदा त्यांना विचारलं, नट विसरलाय हे तुम्हाला कळतं कसं? ताई म्हणाल्या, "थांबलेला माणूस पुढे बघतो आणि विसरलेला खाली बघतो. थांबलेल्याला शब्द दिलास तर तो चिडतो. विसरलेल्याला नाही दिलास तर तो तिथेच मरतो." मग मला वरखाली न्याहाळून म्हणाल्या, "तू एकटीच अशी आहेस लेखिकाबाई, की विसरलीस तरी प्रेक्षकांकडे बघतेस."

लेखिकाबाई हे माझं त्यांनी ठेवलेलं नाव. मी ते कौतुक समजत असे.

त्यांच्या घरी गेलं की दोन रेडिओ चालू. पुढच्या खोलीत हिंदी गाणी आणि स्वयंपाकघरात क्रिकेटचं इंग्रजी समालोचन. उन्हाळ्यात ठीक, पण हिवाळ्यात क्रिकेट नसलं की जहाजांसाठी सांगतात ते समुद्रावरचं हवामानसुद्धा लावून ठेवत. साताऱ्याची बाई, लेस्टरपासून समुद्र जवळ नाही, पण कुठल्या खाडीत वारा किती हे ऐकत पोळ्या लाटत बसलेली. मला त्यांची फार दया आली. त्या वर्षी मी नुकताच ध्यानाचा कोर्स केला होता. मी त्यांचे दोन्ही रेडिओ बंद केले, त्यांना समोर बसवलं आणि म्हटलं, "ताई, डोळे मिटा. शांततेचा आवाज ऐका."

त्यांनी डोळे मिटले. थोड्याच वेळात त्यांच्या कपाळावर घाम आला. त्या उठल्या, दोन्ही रेडिओ परत लावले आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "शांततेत तू बस गं. मला परवडत नाही."

तरीही मला काही कळलं नाही. म्हणजे वेडेपणाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं असं नाही. उलट त्या विषयातली तज्ज्ञ मीच. सिनेमा-नाटकातली एकही वेडी बाई मी सोडली नव्हती. केस मोकळे, साडी पांढरी, उगाचच जिन्यावर हसायचं. आवाज ऐकू आला की तो घुमून तीनदा यायचा आणि खून कर म्हणून सांगायचा. शेवटी डोक्याला मार लागला किंवा प्रियकर परत आला की बाई बरी. हे सगळं कोळून प्यायलेल्या मी एक दोन अंकी नाटक लिहिलं. इंग्लंडात आलेली एक नवी नवरी एकटेपणानं वेडी होते, असं त्याचं कथानक. नाव सांगत नाही. तेवढी लाज अजून शिल्लक आहे. नवरीचं काम अर्थात माझंच.

आणि त्या नाटकात, नवरीला जो आवाज ऐकू येतो त्याच्या तोंडी, मी घातलं, "तुझ्या हातचं कोण खाणार?"

पहिल्या वाचनाला ते वाक्य आलं तेव्हा ताईंचे ओठ थांबले. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा थांबलेले पाहिले. "हे कुठून आणलंस?" त्यांनी विचारलं.

"सुचलं असंच," मी म्हटलं.

"नसलं तर नाही का चालणार?"

"ताई! तोच तर नाटकाचा प्राण आहे!"

कुठल्याही नाटकाच्या एका शब्दाबद्दलही त्या कधी बोलल्या नव्हत्या. हे एक वाक्य नको एवढंच त्यांनी मागितलं होतं. पुढे त्यांनी विषय काढला नाही. फक्त तालमीत मी केस सोडून हसायला लागले की विंगेतून म्हणायच्या, "सिनेमातल्या वेड्यांना वेणी घालायला कोणी का नसतं गं? आजारी माणसाला केसांचा किती त्रास होतो. आधी वेणी घालावी लागते." मला वाटे, म्हाताऱ्या बायकांना नाटक कळत नाही. त्या तेव्हा माझ्या आजच्या वयापेक्षा बऱ्याच तरुण होत्या.

प्रयोग रविवारी दुपारी होता, कारण रविवारी दुपारी हॉलचं भाडं कमी. मी एक गुपित राखून ठेवलं होतं. आवाजाची वाक्यं मी घरी बाथरूममध्ये टेप केली होती, घुमावीत म्हणून. तालमीत ती कोणीतरी नुसती वाचत असे. प्रयोगात ती पहिल्यांदाच हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून येणार होती. दुसऱ्या अंकात मी भाताचं पातेलं घेऊन उभी आणि स्पीकर कडाडला, "तुझ्या हातचं कोण खाणार?"

हॉल हसून लोळला. मी भीती वाटावी म्हणून लिहिलेलं वाक्य, पण प्रत्येकीला आपली सासू आठवली आणि प्रत्येकाला आपली आई. टाळ्या पडल्या. टेप पुढे चालूच होता, "कोण खाणार? कोण खाणार?" आणि हशा वाढतच गेला. मी पुढचं वाक्य विसरले. यावेळी प्रेक्षकांकडे न बघता विंगेकडे पाहिलं.

ताईंचं पुस्तक खाली पडलं होतं. त्या उभ्या होत्या आणि स्पीकरकडे बघत होत्या. मग हॉलभर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "भात माझा आहे!"

लोकांना वाटलं, नाटकच. पुन्हा टाळ्या. मी एकटीनं स्वयंपाकघरात जे केलं होतं तेच आता सगळं मंडळ मिळून करत होतं.

ताईंनी खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला, पर्स घेतली आणि फायर एक्झिटचं दार ढकलून त्या निघून गेल्या. दार उघडताच अलार्म सुरू झाला. पुढे काय होतं ते या देशात राहणाऱ्यांना माहीत आहे. सगळा हॉल पैठण्या सावरत फुटपाथवर, मुलं रडताहेत, अध्यक्ष माणसं मोजताहेत आणि थोड्याच वेळात अग्निशमनाची गाडी. मी मात्र ताईंच्या मागे पळत सुटले. केस सोडलेले, पायात काही नाही, काजळ गालांवर ओघळलेलं आणि हातात अजून भाताचं पातेलं.

त्या बसस्टॉपच्या बाकावर बसल्या होत्या. कोटाची सगळी बटणं लावून, पर्स मांडीवर ठेवून. मी शेजारी बसले. धाप लागल्यामुळे मला बोलता येत नव्हतं, ते बरंच झालं.

"इतकी वर्षं मी तिला सांगत आले, तू नाहीसच," ताई म्हणाल्या. "डॉक्टर सांगायचे, नर्स सांगायची, मीही सांगायची. कमी बोलायला लागली होती. आज ती म्हणतेय, मी नाही, तर मग टाळ्या कुणाला पडल्या?"

तेव्हा कुठे मला सगळं कळलं. स्वयंपाकघर, रेडिओ, पेपरमिंट, कपाळावरचा घाम. सगळं एकदम. पण डोक्यात सिनेमाच भरलेला. मी विचारलं, "कोणाचा आवाज आहे ताई? सासूबाईंचा?"

"तुला सगळीकडे सासूच कशी दिसते? माझी सासू फार चांगली होती. ही कोणी नाही. कधी बघितलेली नाही." मग जरा थांबून, "आणि ती घुमून येत नाही. इथे, कानाशी, तू आत्ता बोलतेस तशीच बोलते. खूनबीन करायला सांगत नाही गं. भात आळणी झालाय, पायपुसणं वाकडं पडलंय, तुझ्याशी कोण बोलणार, तुझं कोण आहे. हेच. दिवसभर हेच."

तेवढ्यात एक पोलीसबाई आमच्यासमोर येऊन उभी राहिली. अलार्ममागोमाग आलेली. तिनं माझे केस पाहिले, अनवाणी पाय पाहिले, पातेलं पाहिलं. मग ती हळूच वाकली आणि मी घाबरू नये म्हणून ताईंना विचारलं, "ही तुमच्याबरोबर आहे का, डक?" लेस्टरची माणसं मायेनं सगळ्यांनाच बदक म्हणतात.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. कानात ती बोलतच असणार. तरी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "हो, माझ्याबरोबरच आहे. काळजी नको. मी घेऊन जाते तिला घरी."

पोलीसबाई गेल्यावर त्यांनी मला पाठमोरं बसवलं आणि माझी वेणी घातली. "उद्या मला डॉक्टरांकडे ने," वेणी घालता घालता म्हणाल्या. "आज घरी सोड आणि रेडिओ लावून दे. पातेल्यात खरा भात आहे का गं?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना नेलं आणि त्या काही आठवडे हॉस्पिटलमध्ये राहिल्या. औषध बदललं, मात्रा वाढवली, पुढे महिन्याचं इंजेक्शन सुरू झालं. मी भेटायला फळं नेली तर म्हणाल्या, "केळी इथे मिळतात. नाटकं आण." मी पिशवीभर जुनी नाटकं नेली. वॉर्डमधल्या खिडकीशी बसून त्या ती ओठांत वाचत. तिथली नर्स मला म्हणाली, त्या वाचत असतात तेव्हा त्यांना त्रास कमी होतो.

मंडळात मात्र ताईंचा विषय निघाला की सगळे हलक्या आवाजात बोलायला लागले. वेड हा शब्द कोणीच उच्चारला नाही, आम्ही शिकलेली माणसं. "त्यांना ताण नको." "आता त्यांनी आराम करावा." "त्यांच्या भल्यासाठीच." शेवटी ठरलं, ताईंचा सत्कार करायचा. शाल आणि श्रीफळ. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल कृतज्ञता म्हणून. आपल्याकडे माणसाला उठवायचं असलं की आधी त्याला शाल पांघरवतात. स्टेजवर बोलावलं तर त्या पुन्हा काहीतरी बोलतील या भीतीनं सत्कार घरीच करावा, असंही ठरलं आणि तो करायला मला पाठवलं. मी गेले. लाज वाटत होती, पण गेले.

ताईंनी शाल उलगडली, तिचा पोत बोटांनी तपासला, जुनी सवय. घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली. "ही घेऊन जा. नारळ राहू दे, चटणीला होईल." मग म्हणाल्या, "मला खुर्ची हवी."

"ताई, त्यांना वाटतं, तुम्हाला ताण..."

"अगं, ताण इथे आहे," त्यांनी खोलीभर हात फिरवला. "तिथे नाही. तुला काय वाटतं, मी नटांसाठी ओठ हलवते? मी अर्धं वाक्य पुढे असते ना, तेव्हा तिला शिरायला फट मिळत नाही. एकाच वेळी दोघींना बोलता येत नाही, मी करून बघितलंय. रेडिओनं ती दबते. पुस्तकानं गप्प बसते. आठवड्यातून एक दुपार गं. तेवढी काढून घेऊ नका."

मी चक्क खाली बघत होते. ताईंनी ते ओळखलं आणि शब्द दिला. "सांग त्यांना असंच. जसं मी सांगितलं तसं. फक्त मधे कुठे 'बिचारी' घालू नकोस. तुला सवय आहे."

मी कमिटीसमोर जसंच्या तसं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं वाक्य त्याच्या परवानगीनं बोलत होते. अध्यक्ष म्हणाले, "पण प्रयोगात पुन्हा तसं झालं तर?" तेव्हा राजाचं काम करणारे डेंटिस्ट म्हणाले, "झालं तर होईल. मी दर प्रयोगात विसरतो, मला कोणी शाल दिली नाही." मी पुढे जोडलं, की दोष ताईंचा नव्हता, टेप माझा होता, आणि घालवायचंच असेल तर आधी लेखिकाबाईला घालवा. हा पर्याय काही जणांनी जरा जास्तच गंभीरपणे घेतला, असं मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलं. पण खुर्ची परत मिळाली.

त्यानंतर ताईंनी पुष्कळ वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही, ते नाटकात होतं. मधे दोनदा हॉस्पिटल झालं. एक हिवाळा त्या घराबाहेरच पडल्या नाहीत. औषधानं अंग जड झालं, हात कापायचे, टॉर्च धरवेना म्हणून ती खुर्चीला बांधली. पण जमेल तेव्हा त्या डाव्या विंगेत असत आणि ओठ चालू असत. त्यांची अट एकच, टाळ्या नकोत. एका वर्षी शेवटच्या पडद्याला मी उमाळ्यानं त्यांचा हात धरून त्यांना स्टेजवर ओढायला गेले. माझी सुधारणा किती सावकाश होते ते बघा. त्यांनी विंगेचा खांब धरून ठेवला. "नको," म्हणाल्या. "तिला वाटेल, तिलाच."

मी पुढे नाटकं लिहिली, बरीवाईट. पण त्यांत केस सोडलेली बाई पुन्हा आली नाही. माझी नात आता लीड्सला मानसशास्त्र शिकते. मध्यंतरी घरी आली होती तेव्हा टीव्हीवर एक मालिका बघत होती. त्यात एका माणसाला आवाज ऐकू येत होते, घुमून, चारी बाजूंनी. मी म्हटलं, "खोटं आहे. तो घुमत नाही."

"आजी, तुला कसा माहीत?" तिचं मराठी असंच आहे.

मी तिला प्रॉम्प्टरताईंची गोष्ट सांगितली. ऐकून ती म्हणाली, "तू लिहून ठेव ना हे." मी जरा दचकलेच. मग आठवलं, की ताईंनी मला एकदा सांगितलं होतं, "मी गेल्यावर लिही हवं तर. पण छापून आण. तिला कळू दे, मी होते." म्हणून हे लिहिते आहे.

ताई गेल्या त्याला हा दुसरा हिवाळा. मंडळानं त्याच हॉलमध्ये शोकसभा ठेवली. नवे अध्यक्ष तरुण आहेत, इथेच वाढलेले. ते म्हणाले, ताईंना आपण सगळे उभं राहून टाळ्यांनी निरोप देऊ. इथल्या अंत्ययात्रांना तसं हल्ली करतात. सगळे उठले, हात वर गेले. मी काठी आपटून म्हटलं, "टाळ्या नकोत." कोणाला काही कळलं नाही. म्हातारी आहे, म्हणत असेल, असं वाटून हात खाली आले. डेंटिस्ट तेवढे माझ्याकडे बघून मान हलवत होते. मग कोणीतरी रेडिओ लावायला सुचवलं असतं तर बरं झालं असतं, पण ते सुचायला ताईंना ओळखणारं फारसं कोणी उरलं नव्हतं.

आमची शेवटची भेट त्या जाण्याच्या थोडीच आधी झाली. त्या तेव्हा केअर होममध्ये होत्या. खोली उबदार, खिडकीबाहेर कार पार्क, कपाटावर एकच रेडिओ, तोही हळू. नजर गेल्यामुळे पुस्तक त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून मी वाचून दाखवायला जात असे. त्या दिवशी एक जुनं, त्यांनी अनेकदा केलेलं नाटक घेतलं होतं. मी मोठ्यानं वाचत होते आणि त्यांचे ओठ, पुस्तक नसताना, माझ्या अर्धं वाक्य पुढे चालले होते. आधी त्यांची वेणी घातली होती, पांढरी, करंगळीएवढी उरलेली.

एका ठिकाणी चष्म्यामुळे माझी ओळ चुकली, मी थांबले. त्यांनी डोळे न उघडता शब्द दिला. मी पुस्तक मिटलं. इतक्या वर्षांत विचारायचा धीर झाला नव्हता, ते विचारलं, "ताई, ती अजून बोलते का हो?"

ओठ थांबले. त्यांनी जरा कान दिल्यासारखं केलं. मग हसल्या, अगदी थोडं, एका बाजूनं.

"बोलते," ताई म्हणाल्या. "पण म्हातारी झाली गं तीही. मधेच वाक्य विसरते. मी सांगत नाही."